पाहुण्यांबरोबर येणारा ताप

ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भलेभले अर्ध्यातून उठून गेले. एक जण तर इतका चिडला की डाव्या पायाचा जोडा उजव्यात घालून घरापर्यंत गेला. पण निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या कार्तिकात, परभणीच्या एका दवाखान्यात, ताप मोजायची काच टेबलावर आडवी पडलेली असताना, कुणाच्या तोंडात नसताना, नुसती फाटकात बैलगाडीची चाकं वाजली म्हणून दोन रेघा वर चढली, हे भुजंगराव कंपाउंडरनं आपल्या दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. एका डोळ्यानं पाहिलं असतं तर त्यानंच सोडून दिलं असतं.

भुजंगरावाचं काम म्हणजे औषधं कालवायची, बाटलीवर कागदाची खाचेदार पट्टी डकवून "एक खाच सकाळी, एक खाच सांजच्याला" असं तीनतीनदा बजावायचं आणि जखमा धुवायच्या. पण गाव त्याला ओळखायचं ते थापांसाठी. एका पुरात आपण मगरीच्या पाठीवर बसून गंगाखेड गाठलं असं तो सांगे, आणि उतरल्यावर मगरीला गूळ दिला हेही सांगे. थापाड्या माणूस चौकस असावा लागतो. खरं काय ते ठाऊक असल्याशिवाय त्याला वळण कुठं द्यायचं ते कळत नाही. भुजंगराव तर इतका चौकस, की झाकलेलं भांडं दिसलं की झाकण उचलल्याशिवाय पुढं जात नसे, मग भांडं व्याह्याचं का असेना.

तर अशा माणसाच्या हाताखाली कोकिळा आली.

कोकिळा ताडकळसची, सुग्रीव नावाच्या शेतकऱ्याची बायको. वय पंचविशीच्या आतलं. पोटात गोळा धरला होता. जडीबुटी झाली, अंगारा झाला, शेवटी सासूनं, दगडाबाईनं, तिला गाडीत घालून परभणीला आणलं. डॉक्टर मुनीरुद्दीनसाहेब हैदराबादेत शिकून आलेले, हाताला फार हलके. त्यांनी क्लोरोफॉर्म हुंगवला, पोट उघडलं, गोळा काढला आणि टाके घातले. गोळा केवढा होता म्हणाल तर साहेबांच्या वहीत पेरूएवढा. भुजंगरावाच्या तोंडी पहिल्या दिवशी नारळाएवढा होता, आठवड्यानं टरबुजाएवढा झाला. माणसाबाहेर काढल्यावरही वाढणारा तो एकटाच गोळा.

पाच दिवस सगळं ठीक चाललं. सहाव्या दिवशी ताप आला. सातव्या दिवशी उतरला, आठव्या दिवशी पुन्हा चढला. टाक्यांची एक बाजू मिळून आली, दुसरी मिळेना. बोटभर जागा उघडीच, ओली. साहेबांनी हिवताप धरून कोयनेल दिलं. कोयनेलानं कोकिळेचे कान तेवढे वाजायला लागले, ताप जागच्या जागी.

मंगळवारी साहेबांनी भुजंगरावाला बाजूला घेतलं. "भुजंगराव, जखम साफ है, पीप नहीं, बू नहीं. फिर बुखार काहे कू आता?"

"तेच तर मी म्हणतो साहेब."

"शनिचर तक देखेंगे. नहीं तो फिर खोलना पडेगा." साहेबांनी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला. "और उस में ताकत नहीं है."

म्हणजे काय ते भुजंगरावाला कळलं. शनिवारी पोट पुन्हा उघडलं तर बाई टेबलावरून उठायची नाही. हातात चार दिवस होते.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस आजारी पडला की समाचाराला जायचं असतं. न जाणं म्हणजे वैर. दवाखान्याच्या लिंबाखाली दगडाबाईनं तीन दगडांची चूल मांडलेलीच होती, पण पहिले पाच दिवस सोडले तर त्याशिवाय ताडकळसहून दिवसाआड गाडी भरून माणसं यायची. कुणी धपाटे आणायचं, कुणी देवीचं कुंकू. बाया खाटेशी यायच्या, कोकिळेच्या गळ्यात पडायच्या आणि सूर काढून रडायच्या. बरं होणाऱ्या माणसाला जेवढं रडलं जातं तेवढं आपल्याकडे मेलेल्यालाही मिळत नाही. भुजंगरावानं तापाच्या तक्त्यावर बोट फिरवलं. सहावा दिवस, आठवा दिवस, दहावा दिवस. त्यानं फाटकाकडं पाहिलं. सहाव्या दिवशी गाडी, आठव्या दिवशी गाडी, दहाव्या दिवशी गाडी.

"आस्सं!" तो स्वतःशीच म्हणाला. भांड्यावरचं झाकण दिसलं होतं.

बुधवारी त्यानं साहेबांना सांगून फाटकच बंद करवलं. दगडाबाईला एक वाटी पेज पोचवण्यापुरतं आत सोडलं, बाकी चिटपाखरू नाही. आता ताप उतरणार म्हणून तो काच घेऊन बसला. दुपारी पारा एकशे तीनवर! आजवरचा सगळ्यात जास्त. कोकिळा भिंतीकडं तोंड करून पडलेली, पेजेची वाटी तशीच.

म्हणजे माणसं आली तरी ताप आणि न आली तरी ताप! भुजंगरावाला त्या रात्री झोप आली नसती, पण झोपेच्या बाबतीत तो कधी हयगय करत नसे.

गुरुवारी त्यानं वेगळा डाव टाकला. गाडीभर माणसं आली होती (टेबलावरची काच चढली ती याच गाडीच्या आवाजानं); त्यानं त्यांना लिंबाखाली ओळीनं बसवलं आणि एकेकाला आत सोडायला लागला. आधी काच लावायची, मग पाहुणा, मग पुन्हा काच. आकडे तो बाटलीच्या पट्टीच्या कागदावर मागच्या बाजूनं लिहीत होता.

पहिली चुलतसासू छबूबाई. तिनं आत पाऊल टाकलं आणि हंबरडा फोडला, "कोकिळेऽऽ, तुझ्या नशिबात ह्ये काय गं लिव्हलं माय!" दोन रेघा वर.

मग भाऊ वैजीनाथ. तो रडला नाही. खाटेशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "तू काळजी करू नको. घरचं समदं बेस हाय. कायबी काळजी करू नको. भावजी लय कामात हायेत, म्हून आले न्हाईत. काळजी नको करू." भुजंगराव शपथेवर सांगतो, एकेका "नको"ला पारा अर्धी अर्धी रेघ सरकत होता. तिसऱ्या "नको"ला काच कडकडली, तेव्हा त्यानं वैजीनाथाला बखोटीला धरून बाहेर काढलं.

"मी काय वाईट बोललो का?" वैजीनाथ बिचारा रडकुंडीला आला.

"वाईट बोलला असतास तर बरं झालं असतं," भुजंगराव म्हणाला.

मग एक गंमत झाली. कोकिळेची खाट खिडकीशी होती. बाहेर गाडी सोडलेली. गाडीचा डावा बैल वैरण शोधत खिडकीशी आला आणि गजांतून ओलं नाक आत घातलं. कोकिळेनं हात वर करून त्याच्या नाकावर ठेवला. काही बोलली नाही. बैलही काही बोलला नाही. भुजंगरावानं काच लावली. तीन रेघा खाली!

तो धावत साहेबांकडं गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तो मैं पर्चे पे क्या लिखूँ? एक बैल, दिन में तीन बार?"

"साहेब, बैल रडत नाही आणि काळजी करू नको असंही म्हणत नाही. त्याच्याकडं लपवायला काही नाही. ही माणसं काहीतरी लपवतात, आणि तिला ते कळतंय."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. भुजंगराव थाप मारत नाही असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं. "मालूम करो," ते म्हणाले.

शुक्रवार उजाडला. भुजंगरावानं जखम धुतली. बोटभर जागा तशीच होती. पट्टी बांधता बांधता तो खालच्या आवाजात म्हणाला, "कोकिळाबाई, एक विचारू? तुमचे मालक एकदाही आले नाहीत."

कोकिळा भिंतीलाच बोलली. "कामात हायेत म्हनं."

"तुम्हाला काय वाटतं?"

तिनं नखानं भिंतीचा पोपडा उकरला. मग म्हणाली, "गोळा काढला. आता लेकरू व्हायचं न्हाई असं समदे म्हनायलेत. माझ्या तोंडावर कुनी म्हनत न्हाई, पन म्हनायलेत. दुसरी बगायला गेले असतील. म्हून तर बाया गळ्यात पडून रडायल्यात. म्हून तर भाऊ माझ्याकडं बगत न्हाई." तिनं पदर तोंडावर ओढला. "मी बरी होऊन जाऊ कुठं, दादा? कुनाच्या घरी?"

बारा दिवसांत ती एवढं पहिल्यांदाच बोलली होती. भुजंगराव पट्ट्यांची टोपली घेऊन उठला तो तडक लिंबाखाली.

दगडाबाई चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापत होती. अंगानं काटक, जिभेनं त्याहून.

"दगडाबाई, सुग्रीव का येत नाही?"

"कामात हाय."

"कामात तर गाव आहे. गाव दिवसाआड येतं."

"तुमी औषीद द्या कंपोंडर. आमच्या घरात नाक खुपसू नका."

"दुसरी बायको बघितली का त्याला?"

दगडाबाईनं हातातलं पीठ त्याच्या तोंडावर फेकलं. "तुजी जीभ झडो! लेकीसारखी सून माझी! तिच्यापायी त्यानं..." आणि ती एकदम थांबली. तोंडावर हात ठेवला.

भुजंगरावानं डोळ्यातलं पीठ पुसलं. हलायचं नाव नाही. "तिच्यापायी त्यानं काय?"

"काय न्हाई."

"आजारी आहे?"

"न्हाई."

"तुरुंगात आहे?"

"तुमच्या घरचे असतील तुरुंगात."

भुजंगराव थोडा वेळ भाकरीकडं पाहत बसला. मग त्याला आठवलं, की काल या बाईनं त्याच्याकडून चोळायचं तेल मागून नेलं होतं. गाडीबरोबर गावाकडं पाठवायला. "तेल कुणाच्या खांद्याला हो?"

"पोराच्या."

"कुठल्या खांद्याला?"

"डाव्या. उजव्यावर त्यो वझं घेत न्हाई, लहानपनी बाभळीवरून पडून हाड मोडलेलं हाय." हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ती बोलून गेली.

"ओझं कशाचं घेतोय?"

दगडाबाईनं भाकरी उलटली. भुजंगराव म्हणाला, "पाण्याचं?" तिनं चुलीत काटकी सारली. "देवाला?" तिनं वर आभाळाकडं पाहिलं आणि पिठाचे हात जोडले. "मारुतीला?" तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. "आणि वेस ओलांडायची नाही, ती पायानं चालत घरी येईपर्यंत?"

"मी तोंड उघडलं न्हाई," दगडाबाई घाईघाईनं म्हणाली. "देवा मारुतीराया, तू बगतोस, मी उघडलं न्हाई. मलाबी त्यानं सांगितलं न्हाई, मी निघायच्या आदी देवळामागून ऐकलं. वैजीनाथाला ठावं न्हाई. छबूला ठावं न्हाई. त्यांना वाटतंय ह्याचं डोकं फिरलं, म्हून रडायल्यात. कंपोंडर, नवस बोललेला कुनाला सांगायचा नस्तो. सांगितला की फळत न्हाई. तुमी जर पोरीला सांगितलं आन तिला कायबी झालं, तर मी तुमच्या दारात जीव दीन."

भुजंगराव गुडघ्यांवर हात ठेवून तसाच बसून राहिला. जन्मभर त्यानं झाकणं उचलली, पण असं भांडं कधी पाहिलं नव्हतं. बायको जगावी म्हणून तिकडं नवरा खांदा मोडून घेत होता, आणि तेवढ्याच पायी इकडं बायको मरायला टेकली होती. ताप औषधानं उतरत नव्हता, कारण तो नवसातून येत होता. सांगावं तर नवस मोडला. आणि कोकिळाही त्याच गावची, तेच मानणारी. नवस आपल्यामुळं मोडला हे तिला कळलं तर पारा काचेतून बाहेर पडेल. न सांगावं तर उद्या शनिवार.

तो उठला. टाकीवर जाऊन तोंड धुतलं. परत येईपर्यंत तो पुन्हा जुना भुजंगराव झाला होता.

बायकांच्या खोलीत दोनच खाटा भरलेल्या होत्या. एकीवर कोकिळा, भिंतीकडं तोंड. दुसरीवर कडूबाई नावाची म्हातारी, हात मोडलेला, आणि गप्पांना वखवखलेली. भुजंगरावानं तिच्याजवळ स्टूल ओढलं आणि धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या.

"कडूबाई, तुम्हाला खरं वाटायचं नाही..."

"न्हाईच वाटत. तुमचं कवा खरं वाटलंय?" कडूबाई सरसावून बसली. "सांगा बरं."

"येलदरीला एक माणूस आहे. बायको आजारी पडली म्हणून याला वेड लागलं. पहाटे उठतो, नदीवर जातो, घागर भरतो आणि मारुतीच्या डोक्यावर ओततो. पुन्हा नदी, पुन्हा घागर."

"किती दिस?"

"बारा दिवस झाले. मारुतीला सर्दी झाली. गुरव सांगत होता, परवा देव शिंकला आणि शेंदूर उडून गुरवाच्या धोतरावर बसला."

कडूबाई हसून हसून मोडका हात धरून बसली. भिंतीकडचं तोंड भिंतीकडंच होतं. पण भुजंगरावाच्या लक्षात आलं, की श्वास थांबलाय.

"गाभाऱ्यात घोटाभर पाणी. बेडकं आली. आता आरतीला बेडकंच टाळ धरतात. आणि हा माणूस वेशीच्या बाहेर पाऊल ठेवत नाही. लोक म्हणतात, अरे, बायको दवाखान्यात, जाऊन तोंड तरी दाखव. हा मान हलवतो आणि नदीकडं निघतो. लोकांना वाटतं गेला कामातून. बायका तर त्याच्या नावानं रडायला लागल्या."

"मग जात कामून न्हाई त्यो?" कडूबाईनं विचारलं.

"ते मला काय ठाऊक! मी येलदरी बघितलेली नाही. विचारलं तर सांगत नाही म्हणे. काही गोष्टी सांगायच्या नसतात." भुजंगरावानं एक पट्टी गुंडाळून टोपलीत टाकली, दुसरी घेतली. "खांदा सुजलाय बिचाऱ्याचा. डावा. सगळं ओझं डाव्यावर. उजव्यावर घेत नाही तो, लहानपणी बाभळीवरून पडला होता म्हणतात."

बाहेर लिंबाखाली भाकरीवर हात थापल्याचा आवाज येत होता.

खाट करकरली. कोकिळेनं कूस बदलली होती. टाक्यांवर हात दाबून धरलेला, कपाळावर घाम, आणि डोळे भुजंगरावावर रोखलेले. असे डोळे त्यानं बारा दिवसांत पाहिले नव्हते.

"दादा," ती म्हणाली. आवाज खरखरीत, पण खोलीभर. "किती घागरी घालतो म्हनालात?"

भुजंगरावानं पट्टीवरून नजर वर केली नाही. "रोजच्या एकशे एक. मोजून. एक जास्त नाही, एक कमी नाही."

"खोटं!"

कोकिळा एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतून मुनीरुद्दीनसाहेब चष्मा हातात घेऊन दारात आले आणि बाहेर भाकरी थापायचा आवाज थांबला. कोकिळा कोपरावर उठून बसली होती.

"निव्वळ खोटं! येलदरीचा न्हाई त्यो, ताडकळसचा हाय. आन एकशे एक म्हनं, मोजून म्हनं! इसाच्या म्होरं मोजता येत न्हाई त्यांना. इसापस्तोर जात्यात आन पुन्ना एकपासून धरत्यात!"